लिंबाने खाल्लेला ओटा

माझ्या नवऱ्याला घरगुती स्वच्छतेचं वेड लागलं, तेव्हा मी खूश झाले होते. म्हटलं, चला, घर पुसायला आणखी एक माणूस मिळाला. कसलं काय! त्याने घरात कारखानाच मांडला. बादलीत संत्र्याच्या साली कुजत ठेवल्या, खिडकीत व्हिनेगरच्या बाटल्या आल्या आणि फिनाइलची हकालपट्टी झाली. येईल त्या पाहुण्याच्या नाकाशी बाटली धरायचा. "घ्या वास. एक थेंब केमिकल नाही!" फरशी मात्र मीच पुसत होते.

तरी मी चालवून घेतलं. आरसे खरंच लख्ख निघायचे, खोटं कशाला बोलू? एकच गोष्ट बजावली होती. ओट्याच्या वाटेला जायचं नाही.

तो पांढरा संगमरवरी ओटा माझ्या बाबांनी बसवलाय. जन्मभर त्यांनी दगडांना पॉलिश केलं. नजर अधू व्हायला लागली, तेव्हा शेवटचं काम म्हणून माझा ओटा घेतला. कंबर धरलेली असतानाही वाकून वाकून घासला. आमच्या माहेरी लिंबू कापायचं ते ताटातच. दगडावर थेंब सांडला तर आई अंगावर यायची, कारण आंबट लागलं की संगमरवर खरवडल्यासारखा होतो. हे मी नवऱ्याला लग्नापासून सांगत आले. तो हसायचा. "लिंबूच आहे गं, विष आहे का?"

आता बाबांना अजिबात दिसत नाही. भावाकडे असतात. परवा त्यांचा फोन आला. "येतो गं तुझ्याकडे. तुझा ओटा एकदा हाताने बघायचाय."

काल कामावरून आले, तर नवरा दारातच उभा. चेहऱ्यावर नुसता आनंद. चहाचे डाग काढायला त्याने ओटाभर लिंबू आणि मीठ चोळून वर व्हिनेगरची फडकी अंथरली होती. सकाळपासून. मी फडकी ओढून फेकली. डाग गेले होते, चकाकीही गेली होती. जागोजागी पांढरट, खरबरीत चट्टे.

"नैसर्गिक आहे ते," तो म्हणाला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "सापाचं विषही नैसर्गिकच असतं! कितीदा सांगितलं होतं तुला?"

"बाबांसाठीच केलं ना मी!" वर तोच रुसून बसला.

आज भाऊ बाबांना माझ्याकडे सोडून गेला. बाबांनी पाणीसुद्धा घेतलं नाही, थेट स्वयंपाकघरात आले. तळहात ओट्यावर टेकवला आणि हळूहळू पुढे सरकवला. मध्येच थांबला. बोटं त्याच जागी पुन्हा फिरली, मग शेजारी, मग आणखी पुढे.

"कच्चं राहिलं," बाबा म्हणाले. "माझा हातच गेला होता गं तेव्हा. मला वाटत होतं, छान जमलंय. तू इतकी वर्षं बोलली नाहीस."

मी नवऱ्याकडे पाहिलं. आता बोलेल, मग बोलेल. तो पायातल्या चपलेकडे बघत गप्प उभा! ओटा बिघडला त्याचा राग एवढासा वाटावा, इतकी मी पेटले. एका आंधळ्या माणसाच्या जन्माच्या कामावर हा स्वतःची चूक ढकलत होता, तीही तोंडातून शब्द न काढता.

"बाबा, तुमचा ओटा आरशासारखा होता," मी म्हणाले. "काल सकाळपर्यंत. तुमच्या जावयाने दिवसभर लिंबू चोळून ठेवलं. मी नको म्हणत असताना."

ओट्याच्या कडेला, भिंतीलगत, जिथे फडकं पोचलं नव्हतं, तिथे बाबांनी बोट नेलं. तिथला दगड अजून गुळगुळीत होता. बोट तिथेच फिरत राहिलं आणि त्यांचे खांदे सैल पडले.

"म्हणजे माझं चुकलं नव्हतं."

"नव्हतं, बाबा."

"जावईबापू," बाबांनी हाक मारली, "माझ्या पिशवीत पॉलिशचा दगड आहे. बाह्या वर करा. मी हात फिरवून सांगतो, तुम्ही घासायचं."

नवऱ्याने माझ्याकडे आशेने पाहिलं. मी त्याच्यासमोर पाण्याची बादली आदळली.

"यात काहीही घालायचं नाही," मी म्हणाले, "आणि आधी त्यांची माफी माग."