कोरडं पातं

दादाला खोकल्याची उबळ आली की आतून वहिनीचा आवाज यायचा, “ओढा अजून सिगारेटी!”

सिगारेट सोडून त्याला वर्ष झालं होतं. पण दादा उलट बोलायचा नाही. छाती दाबत, मान खाली घालून बसायचा, वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखा. आणि मी शेजारच्या खुर्चीत बसून चहा प्यायचो.

आमचा धंदा इमारती बाहेरून साफ करण्याचा. छज्ज्याखालची कोळ्यांची जाळी, कठड्यांवरची कबुतरांची शीट, दुकानांवरच्या कापडी छपरांचे डाग. धंदा दादानं उभा केला, मी त्याच्या शिडीला धरून वाढलो. त्याचा नियम एकच. जाळी कोरडी काढायची, शीट कधीच नाही. ओली जाळी भिंतीला चिकटून बसते आणि कोरडी शीट खरवडली की तिची धूळ माणसाच्या छातीत जाऊन बसते. म्हणून शीट आधी भिजवायची, मग थांबायचं. किती थांबायचं ते घड्याळ सांगत नसे, गाणं सांगे. गाणं त्यानंच जुळवलेलं:

भीज गं भिंती, भीज गं बाई,
पाखराच्या लेकराला कळत नाही.
भीज गं कडे, भीज गं कोना,
पाण्याच्या बोटानं सुटू दे खुणा.

तीनदा म्हणून झाल्याशिवाय खरवडायच्या पात्याला हात लावायचा नाही. रस्त्यावरची माणसं थांबून हसायची. एक चहावाला विचारायचा, “भिंतीला न्हाऊ घालताय की झोपवताय?” दादा शिडीवरून ओरडायचा, “दोन्ही! तुझ्या टपरीलाही घालतो, सांग कधी येऊ!”

मग जुन्या नाट्यगृहाचं काम आलं. चांगलं महिनाभराचं. पुढच्या अंगाला नळ हाताशी होता. मागच्या अंगाला मात्र बादलीसाठी तीन मजले उतरायचं, तीन मजले चढायचं. पुढे मी गाणं तीनदा म्हटलं, चांगलं खणखणीत. मागे कोण बघतंय? मागे मी कोरडंच पातं लावलं. खपल्या सुटायच्या, पिठासारखी पांढरी धूळ तरंगत खाली जायची. खाली दादा झाडू घेऊन उभा.

“पाणी मारलंस ना रे?”

“मारलं! ऊन बघ ना, लगेच वाळतंय.”

त्यानं पुन्हा विचारलं नाही. नाकाला फडकंही बांधलं नाही. धाकट्यानं भिजवलंय म्हटल्यावर फडकं कशाला? माझ्या नाकाला मात्र होतं. घट्ट, दोन पदरी.

काही दिवसांनी त्याला दम लागू लागला. डॉक्टरांनी खोदून विचारलं, “पाखरांच्या घाणीची धूळ कधी छातीत गेलीय का?” दादानं तोंड उघडायच्या आत मीच बोललो, “छे हो डॉक्टर, आमच्यात कोरडं कुणी खरवडत नाही.” दादानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू त्याच्या शाळेत मी पहिला आलो होतो. मग डॉक्टरांनी सिगारेटचं विचारलं. दिवसाला दोन, दादा म्हणाला. झालं. सगळा दोष त्या दोन सिगारेटींच्या माथी गेला. औषधं त्याच वळणाची मिळाली, आणि वहिनीच्या जिभेला धार मिळाली.

वर्षभर मी गप्प राहिलो. गप्प राहायला काही लागत नाही, रोज नुसतं चहाला यावं लागतं.

परवा फोन वाजला. एका शाळेचं काम होतं. दादानं घेतला. चार शब्द, एक श्वास, असं करत तो सांगत होता, “माझा भाऊ येईल... बिनघोर राहा... पोरं खेळतात ना तिथे... तो कोरडं पातं लावणार नाही... मी शब्द देतो.” फोन ठेवून तो भिजवायचं गाणं गुणगुणायला लागला आणि दुसऱ्या ओळीवरच अडला. हवा पुरली नाही. माझ्याकडे बघून हसला, “पुढचं तू म्हण.”

मी चहाचा कप खाली ठेवला.

“दादा, नाट्यगृहाची मागची बाजू मी कोरडी काढली.”

“कुठला भाग?”

“सगळी.”

“सगळी,” तो म्हणाला. मग बराच वेळ तो नुसता श्वास घेत राहिला. ते कामही आता त्याला मन लावून करावं लागतं. “आणि डॉक्टरांपुढे?”

“लाज वाटली. तू शेजारीच होतास.”

त्यानं आत हाक मारली, “अगं, बाहेर ये.” वहिनी ओल्या हातांनी आली. “ऐक. सिगारेट नव्हती.” आणि माझ्याकडे बोट केलं.

मी पुन्हा सगळं सांगितलं. वहिनी माझ्यावर ओरडेल असं वाटलं होतं. ती दादाशेजारी खाली बसली. “वर्षभर मी काय काय बोलले हो तुम्हाला,” ती म्हणाली. “पाहुण्यांसमोरसुद्धा.” दादा म्हणाला, “मलाही खरंच वाटत होतं ते.” मग ती माझ्याकडे न बघता म्हणाली, “भाऊजी, आज तुम्ही घरी जा.”

सकाळी तिघं डॉक्टरांकडे गेलो. दादानं दारातच बजावलं होतं, “मी बोलणार नाही. तुझ्या तोंडानं सांग.” मी सांगितलं. डॉक्टरांनी जुना कागद काढून वाचला. “पण तुम्हीच तर म्हणाला होता, कोरडं कुणी खरवडत नाही?” दादा भिंतीकडे बघत होता. औषधं बदलली. डॉक्टर म्हणाले, राहिलंय तेवढं सांभाळू, गेलेलं येणार नाही. वर्षापूर्वी कळतं तर वेगळं होतं.

परतताना जिना लागला. मी सवयीनं हात पुढे केला. दादानं कठडा धरला. एक पायरी, थांबणं, श्वास. दुसरी पायरी. वहिनी त्याच्या पुढे, मी मागे. मधल्या वळणावर तो बराच वेळ थांबला. मीही थांबलो, हात तसाच पुढे धरून. त्यानं मागे वळून पाहिलं नाही.