चौदावा राइनो

मी एक जुनं ऑर्किड आहे, असं या घरात मानलं जाई. चार वर्षं खिडकीत फुललेलं, कधीही न सुकलेलं पांढरं ऑर्किड. मित्रांनो, ते खरं नव्हतं. मी इथे आलो तो गेल्या नोव्हेंबरात, आणि आल्या दिवसापासून मला ज्या नावाने हाक मारली गेली, ते नाव एका मेलेल्या माणसाचं होतं.

माझं बालपण काचेच्या घरात गेलं. तिथे हवा उबदार आणि दमट असे. आम्ही हजारो भावंडं ओळीत उभी होतो, आणि इतकी एकसारखी की आमची आम्हालाही ओळख पटू नये. फुलांचा दांडा आला तेव्हा तो काडीला बांधून डावीकडे वाकवला गेला. मग ट्रकमधून अमेरिकेच्या थंड उत्तरेतल्या डुलूथ शहरात, वाणसामानाच्या दुकानात माझी रवानगी झाली. गळ्यात एक चिठ्ठी अडकवली होती: आठवड्याला बर्फाचे तीन खडे घाला. आमचे पूर्वज उष्ण रानातल्या झाडांवर वाढले, आणि आमच्या नशिबी बर्फ आला. ज्याने ही युक्ती काढली त्याच्या मानेवर कोणीतरी तीन खडे ठेवून बघायला हवेत.

एका शनिवारी पन्नाशीची एक बाई आली. ती फोनमधला फोटो पाहून आम्हाला एकेकाला न्याहाळू लागली. सात फुलं हवीत, दोन कळ्या चालतील, दांडा डावीकडेच हवा. फुलं विकणारी बाई हसून म्हणाली, "काय कोरिन, मागचंही मारलंस वाटतं?"

"एकही मेलेलं नाही गं. तीच तर पंचाईत आहे," असं म्हणत कोरिनने मला उचललं.

तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नाही. ते घर सरोवराकडे जाणाऱ्या उतारावर होतं. कोरिनची सासू एइला, वय एक्याऐंशी, तिथे एकटी राहायची. दर शनिवारी चार वाजता ती तळघरातल्या सौनात जाई, तापलेल्या दगडांवर पाणी ओतून घाम काढायला. त्यात चाळीस मिनिटं जात, आणि कोरिनला तेवढी पुरत. तिने खिडकीतल्या निळ्या कुंडीतून एक झाड बाहेर काढलं. त्याची दोन फुलं गळलेली होती. ते पिशवीत गेलं आणि त्याच्या जागी मी बसलो.

कुंडीच्या तळाशी काहीतरी माझ्या मुळांना लागलं. वाळलेल्या मुळांचे तुकडे कडेला चिकटून राहिले होते. ते माझ्याच जातीचे होते, पण एकाच झाडाचे नव्हते. मी माझी मुळं वर ओढून घेतली आणि त्यानंतर कधी खाली सोडली नाहीत.

एइला वर आली. तोंड लाल, डोक्याला पंचा. तिने खिडकीकडे पाहिलं, फुलं मोजली आणि दारातच थबकली.

"परत आलास, राइनो," ती म्हणाली. त्या आवाजात आनंद नव्हता.

पुढचं सगळं मला तिच्याकडूनच समजलं, कारण ती दिवसभर माझ्याशीच बोले. राइनो तिचा नवरा. बंदरातल्या खनिजाच्या धक्क्यावर चाळीस वर्षं राबलेला, फुलाबिलांच्या वाटेला कधी न जाणारा माणूस. एका फेब्रुवारीत त्याने काय मनात आलं म्हणून ऑर्किड आणलं, आणि आठव्या दिवशी दारातला बर्फ उपसताना तो कोसळला. दफनाहून परतल्यावर एइला त्या झाडाला म्हणाली होती, "तू जाऊ नकोस. हे आहे तोवर तू घरात आहेस." मागे उभ्या असलेल्या कोरिनने ते ऐकलं. तिथूनच हे सगळं सुरू झालं.

सुरुवातीला माझं कौतुक फार झालं. दर बुधवारी चर्चमधल्या बायका वेलदोड्याचा गोड पाव घेऊन कॉफीला येत आणि माझ्यासमोर हात मागे बांधून उभ्या राहत. मी खुशीत होतो, कौतुक कोणाला नको असतं? एकदा शेजारची लेम्पी म्हणाली, "माझं तर दहा आठवड्यांत बोडकं झालं. आणि हे चार वर्षं? एइला, हे काही साधं नाही." मग तिने आपली खुर्ची हळूच मागे सरकवली, आणि माझी खुशी उतरली.

बायका गेल्या की एइला पडदा ओढून माझ्यासमोर बसे. एखादं फूल गळतं, दुसरं गळतं, आणि शनिवारी सौनातून वर यावं तर सगळी पुन्हा दांड्यावर. हे तिने तेरा वेळा पाहिलं होतं. कोरिनवर संशय घेण्याचं तिच्या मनातही आलं नाही, कारण तिची सून वाढदिवसाची भेटसुद्धा धड लपवू शकत नसे. एइलाच्या लेखी त्याचा एकच अर्थ होता. राइनोला सुटका हवी होती, आणि तिच्या त्या एका वाक्याने त्याला बांधून ठेवलं होतं.

"मीच थांब म्हटलं. चुकलं माझं," ती म्हणे. "आता जा रे. दमला असशील."

मित्रांनो, रोज मेलेल्या माणसाच्या नावाने हाक मारली तर झाडाचंही काहीतरी होतं. मी बर्फावर कधी चाललो नव्हतो, तरी मला बुटांखाली करकरणारा बर्फ आठवू लागला. खांद्यात एक कळ आठवू लागली, आणि मला तर खांदेच नाहीत. ती 'राइनो' म्हणाली की माझी एक कळी तिच्याकडे वळे. मी वळवत नसे. मला भीती वाटू लागली.

जानेवारीत तिने नवंच सुरू केलं. सकाळी हृदयाची गोळी हातात घ्यायची आणि माझ्या बुंध्याजवळ, कुंडीत मातीऐवजी भरलेल्या झाडाच्या सालींत खुपसून टाकायची. "तू जात नाहीस," ती शांतपणे म्हणाली, "तर मीच येते."

मला सगळी फुलं तत्क्षणी गाळून टाकायची होती. पण ते आमच्या हाती नसतं. सुदैवाने लेम्पीने आणलेली सफरचंदं माझ्याशेजारी पिकत पडली होती, आणि पिकलेल्या फळांपाशी आमची फुलं टिकत नाहीत. दोन गळाली, मग तिसरं. एइलाने ती तळहातावर घेतली. कित्येक दिवसांत तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा थोडी आशा दिसली. "या वेळी परतू नकोस," ती म्हणाली. "आलास, तर मी समजून जाईन."

राइनो आपल्याला बोलावतोय असंच ती समजेल हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि शनिवार दोन दिवसांवर होता.

शनिवारी चारला एइला तळघरात गेली. कोरिन पिशवीतून पंधरावं झाड काढून आत आली. तिने मला कुंडीतून उपसलं, आणि सालींतून पांढऱ्या गोळ्या टपटप टेबलावर पडल्या. एक घरंगळत जमिनीवर गेली. कोरिन एका हातात मला आणि दुसऱ्या हातात त्या नव्या झाडाला धरून तशीच उभी राहिली.

दारात एइला होती, कोरड्या केसांनी. सौनाची शेगडी तापलीच नव्हती. ती का तापली नाही, मला माहीत नाही. सोमवारी दुरुस्तीवाल्याने तासभर खटपट केली, त्याला काही बिघाड सापडला नाही.

एइला आळीपाळीने आम्हा दोघांकडे पाहत राहिली.

"कितवं हे?"

"पंधरावं," कोरिन म्हणाली. "आई, या गोळ्या..."

"राइनोने आणलेलं कुठे आहे?"

"फुलं गळाली तेव्हा मला वाटलं मेलं. पहिल्याच मे महिन्यात कचऱ्यात टाकलं. मग कळलं की ती मरत नाहीत, नुसती विसावतात. बाकीची बारा माझ्या तळघरात आहेत. टाकवली नाहीत. तुम्हाला सांगायचा धीर झाला नाही, आई."

"म्हणजे तो इथे नव्हता?"

"नाही."

"एकदाही नाही?"

"नाही, आई. बाबा गेले. तेव्हाच गेले."

एइला हळूहळू खाली बसली. मला वाटलं ती संतापेल. पण ती रडू लागली, आधी आवाज न करता आणि मग मोठ्याने. चार वर्षांपूर्वी गेलेल्या नवऱ्यासाठी ती त्या दिवशी पहिल्यांदा रडली. कोरिन गुडघ्यांवर बसून गोळ्या वेचत होती आणि तीही रडत होती. मग एइलाने डोळे पुसले, एक गोळी मागून घेतली आणि पाण्याबरोबर गिळली.

पंधराव्याला तिने कोरिनबरोबर परत पाठवलं. मला मात्र निळी कुंडी घासून पुसून तिच्यात पुन्हा बसवलं. आता बर्फ नाही, आठवड्याला थोडं कोमट पाणी मिळतं. नावाने कोणी हाक मारत नाही.

मित्रांनो, आमची फुलं गळाली म्हणून आम्हाला फेकू नका. आम्ही पुन्हा फुलायला वेळ घेतो, तेवढा द्या. पण गेलेल्या माणसाच्या जागी आम्हाला उभं करू नका, कितीही मायेने असलं तरी. ते ओझं आम्हाला पेलत नाही, आणि तुम्हालाही नाही.

माझं शेवटचं फूल मार्चमध्ये गळालं. एइलाने ते उचललं, थोडा वेळ हातात धरलं आणि खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं. शनिवार आला, शनिवार गेला. दांडा रिकामाच राहिला.