घाटातली डरकाळी

मित्रांनो, वाघ म्हणून मी बरीच वर्षं नोकरी केली. तसा मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. पोटात टेपरेकॉर्डर, तोंडाला जाळीचा स्पीकर आणि छातीवर लाल बटण. माझा जन्म हैदराबादला, कोठी नावाच्या बाजारात, अमरदीपच्या रेडिओदुरुस्तीच्या दुकानात झाला.

केबल टीव्ही नुकताच घराघरांत शिरत होता, तेव्हाची ही गोष्ट. नल्लमलाच्या जंगलाकडे जाणाऱ्या घाटात प्रवाशांसाठी एक माहिती केंद्र निघालं. काचेतले प्राणी नुसते बघायचे दिवस गेले, म्हणे. आता बटण दाबायचं, की प्राणी बोलणार. ते बोलके डबे करायचं काम अमरदीपला मिळालं; मोर, कोल्हा, अस्वल तयार झाले. अडला तो वाघ. अमरदीप माइक घेऊन प्राणिसंग्रहालयातल्या वाघापुढे बसून राहिला. वाघाने जांभई दिली आणि पाठ फिरवली.

उद्घाटन तोंडावर आलं. मलकपेठेत अमरदीपच्या घराच्या भिंतीला भिंत लावून अप्पाराव राहत. रेल्वेतून निवृत्त झालेले. दुपारी जेवून आडवे झाले की असे घोरत, की फळीवरची भांडी आपणहून खाली उतरून बसत. अमरदीपने त्यांच्या खिडकीत माइक धरला, टेप जरा हळू फिरवली आणि माझ्या पोटात वाघ शिरला.

काय सांगू तो रुबाब! पहिल्या डरकाळीला माकडं सात वळणं खाली पळाली. एकदा खरी वाघीण खिडकीशी आली आणि लाजून परत गेली. विश्वास बसत नसेल तर ती खिडकी जाऊन बघा, अजून आहे.

पण पोरं बटण बोटाने दाबत नसत, बुक्की मारत. बटण खिळखिळं झालं. पुढे रंगीत पडद्याचा कॉम्प्युटर आला. त्यात वाघ धावायचासुद्धा. मला कोपऱ्यातल्या बाकाशेजारी ढकललं. "इसकू भंगार में देना है," रखवालदार येईल त्याला सांगायचा.

इकडे अप्पारावांना झोपेत श्वास कोंडायला लागला, म्हणून नाकाचं ऑपरेशन झालं. घोरणं थांबलं आणि त्यांच्या बायकोची, भामाकाकूंची झोप उडाली. उभ्या संसाराची सवय ती! घर शांत झालं की काकू टक्क जाग्या. डोळ्यांखाली काळं आलं, हातातून पातेली सुटायला लागली, एकदा तर चुलीपाशीच भोवळ आली. गोळ्या झाल्या, डोक्याला तेल झालं. शेवटी हवापालट म्हणून अमरदीपने दोघांना आपल्या जुन्या मारुतीत बसवून घाटात आणलं.

अप्पाराव कॉम्प्युटरपाशी रमले. काकू थकून बाकावर टेकल्या आणि सहज त्यांनी माझं बटण दाबलं. ते आतच अडकलं. डरकाळीवर डरकाळी! लोकांनी कानांत बोटं घातली. रखवालदार धावत आला आणि थबकला.

"अरे साब, अम्मा तो सो गये!"

काकू भिंतीला डोकं टेकून गाढ झोपल्या होत्या.

"अगं, वाघ ओरडतोय अन् तू झोपतीस काय?" अप्पाराव त्यांना हलवायला निघाले.

"नक्को काका, झोपू द्या त्यांना," अमरदीप आडवा आला. "हा वाघ नाही. हे तुम्ही आहात."

"मी? क्या बातां करतो रे! मी जन्मात घोरलो नाही. असल्या आवाजाशेजारी माणूस झोपेल का?"

"काकू झोपल्यात की."

अप्पाराव माझ्यापुढे उकिडवे बसले. कान लावून बराच वेळ ऐकत राहिले. एकदा काकूंकडे बघितलं. मग रखवालदाराला म्हणाले, "हा डबा भंगारात नक्को देऊ बाबा. मी घरी नेतो."

आता मी मलकपेठेत काकूंच्या उशाशी असतो. बटण अमरदीपने नवं बसवलं. माझी धूळ अप्पाराव स्वतः पुसतात, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत. काकू रात्री आणि दुपारीही छान झोपतात. हातातून पातेली सुटत नाहीत.

म्हणून सांगतो, मित्रांनो, यंत्राचं बटण बोटाने दाबा, बुक्कीने नको. आणि नवं आलं म्हणून जुन्याला लगेच भंगारात धाडू नका. कधी दुपारी मलकपेठेत आलात आणि पायरीवर एक म्हातारे जांभया देत बसलेले दिसले, तर त्यांच्याशी दोन घटका बोला. "आत कसला घोरतोय मेला, डोळ्याला डोळा लागू देत नाही," अशी ते माझी तक्रार सांगतील. मुकाट ऐकून घ्या.