कीर्तनातला राजीनामा

भोपाळात, बाग सेवनियाच्या दत्तमंदिरात श्यामभैया पिंपळखुटे पहिल्या रांगेत मांडी घालून बसले, तेव्हा त्यांच्या मनात कीर्तन सोडून बाकी सगळं होतं. आमदार माणसाचं हेच दुःख. पहिली रांग चुकवता येत नाही आणि एकदा बसलं की उठता येत नाही.

मंदिराच्या मागच्या भिंतीला लागून साहूजींचं फटाक्यांचं गोदाम. ते इथून हलवा म्हणून वस्तीने भैयांचा उंबरा झिजवला होता. भैयाही काही गप्प बसले नव्हते. वस्तीत स्फोटक माल साठवायला बंदी घालणारं एक विधेयक त्यांनी जाणकारांकडून लिहून घेतलं आणि मांडण्याआधीच त्याचं गावजेवण घातलं. 'सुरक्षा संवाद' झाला, बिट्टन मार्केटात भाजीबाजाराच्या दिवशी सभा झाली, घरोघर एकेक लाल शिट्टी वाटली गेली. शिट्टीच्या दोरीला भैयांचा हसरा फोटो. "धोका दिसला की फुंका, मी धावत येतो!" शिट्ट्या पोचल्या, फोटो पोचले. विधेयक तेवढं भैयांच्या बैठकीतून बाहेर पडलं नाही.

आणि आज दुपारी साहूजींच्या घरी, रबडीच्या वाट्या समोर ठेवून, सगळं गोडीगुलाबीने मिटलं होतं. भैयांनी या अधिवेशनात विधेयक मांडायचं नाही. साहूजींनी गोदामाच्या दारावर वाळूच्या लाल बादल्या टांगायच्या. दोन्ही पक्ष खूश. फटाक्यांना कोणी विचारलं नव्हतं.

कीर्तनाला वाईहून नीळकंठबुवा आले होते. बुवांचा आवाज असा, की पेटीवाल्याने सूर धरायच्या आधीच ऐकणाऱ्याचे खांदे सैल पडावेत. झांजा थांबवून ते नुसते बोलू लागले तरी शब्द गाण्यातून ओले होऊनच बाहेर यायचे. पूर्वरंगाला विषय घेतला होता त्यागाचा. "जे सोडता येतं, त्याचे आपण धनी. जे सोडता येत नाही, त्याचे आपण नोकर. मंडळी, घरी गेल्यावर मोजा, कितींची चाकरी करता ते!"

भैयांना उगाचच रबडीची ढेकर आली.

मध्यंतरात उषाकाकूंनी बुवांना बुक्का लावला, हार घातला. काकू कीर्तन समितीच्या अध्यक्ष. घर गोदामाला खेटून. बुवांनी हात जोडले, आणि मग गळ्यातला हार काढून, गादीवरूनच वाकून, तो भैयांच्या गळ्यात घातला.

"त्यागाची कथा पुराणातच शोधायला हवी असं नाही," बुवा मंडपाकडे वळून म्हणाले. "हे तुमचे आमदारसाहेब! या गोदामापायी, तुमच्या लेकराबाळांच्या जिवापायी, यांनी आज दुपारी राजीनामा दिला! आणि कोणाला सांगितलंसुद्धा नाही!"

मंडपात टाळ्या अशा उसळल्या, की तबलजीनेही हौसेने एक तिहाई वाजवून घेतली.

भैयांनी मान वळवून आपला सहायक तुषार कुठे आहे ते पाहिलं. तुषार गुडघ्यांवर रांगत आला. चेहरा चुन्यासारखा.

"भैया, मिस्टेक झाली. बुवांना गाडीतून आणत होतो ना, तर ते गोदामाचं पूछू लागले. मी बोललो, टेन्शन नका घेऊ, भैयांनी आजच राजीनामा करून टाकलाय. मी हिंदीतला बोललो. त्यांनी मराठीतला ऐकला."

हिंदीत राजीनामा म्हणजे दोन्ही पक्षांचा समझोता. खुर्ची सोडणं ते इस्तीफा. भोपाळच्या मराठी घरांत दोन्ही अर्थ एकाच ताटात वाढलेले असतात, कोणता कधी उचलायचा ते हाताला माहीत असतं. वाईच्या बुवांना कोण सांगणार?

"जा, थांबव त्यांना!"

"कीर्तनात? नारदाच्या गादीवरच्या माणसाला मधेच कसं टोकायचं भैया? काकू मला कच्चा खातील."

आणि थांबवून सांगायचं तरी काय? 'मी खुर्ची नाही सोडली हो, फक्त तुम्हालाच सोडलं'?

उत्तररंगात बुवांनी प्रजेसाठी सिंहासन सोडणाऱ्या राजाचं आख्यान लावलं. राजा एकेक अलंकार उतरवू लागला की बुवा भैयांकडे हात करत. बायका डोळे पुसत होत्या. मागे कोणीतरी मोबाइलवर चित्रण करून ते पाठवूनही दिलं असावं, कारण भैयांच्या खिशात फोन तडफडू लागला. आधी पक्षाच्या जिल्हाध्यक्षांचा. तो त्यांनी दाबून टाकला. शेवटचा गजर टिपेला पोचला तेव्हा साहूजींचा आला. एवढ्या गलबल्यात कोण ऐकतंय म्हणून भैयांनी मान खाली घालून तो कानाला लावला.

नेमका तेव्हाच गजर थांबला.

"भैयाजी, ये इस्तीफा कहाँ से आ गया?" बाजारात कमावलेला साहूजींचा आवाज फोनबाहेर उडी मारून आला. "अपना तो राजीनामा हुआ था!"

बायकांच्या बाजूला पहिल्याच रांगेत उषाकाकू होत्या. त्यांचे यजमान जन्मभर भोपाळच्या कोर्टकचेरीत वकिली करून गेले. काकूंना अर्थ विचारावा लागला नाही. त्या उठल्या आणि माइक भैयांच्या हातात दिला.

"बोल श्याम, दोन शब्द बोल. एवढंच सांग, राजीनामा कोणता? कचेरीतला की कीर्तनातला?"

"काकू, म्हणजे असं आहे, की सर्व बाजूंचा समग्र विचार करता..."

फुर्र्रऽऽ! काकूंच्या तोंडात लाल शिट्टी होती. दोरीला भैया हसत लोंबकळत होते.

"धोका दिसला," काकू म्हणाल्या. "तूच सांगितलं होतंस ना, फुंका म्हणून?"

मंडप हसला, पण हसू लवकर विरलं. सगळे भैयांकडे बघत होते. भैयांनी दत्ताच्या मूर्तीकडे पाहिलं. मूर्तीच्या पाठीला भिंत, भिंतीच्या पाठीला खोक्यांच्या थप्प्या. अलीकडे समईची ज्योत, आणि तिच्याजवळ आईच्या मांडीवर झोपलेलं एक पोर. गळ्यातला हार उगाचच जड लागू लागला. हा हार राजाचा होता, आणि आपण दुपारी रबडी खाऊन आलेलो.

"कचेरीतला," भैया म्हणाले. आवाज सभेतला नव्हता. "साहूजींशी समझोता केला होता मी. विधेयक न मांडण्याचा." "तो राजीनामा मी आत्ता इथे मोडला. येत्या शुक्रवारी विधानसभेत विधेयक मांडतो. पास होईल न होईल, पक्ष ठेवील न ठेवील. पण नाही मांडलं, तर मग दुसरा राजीनामा. मराठीतला."

या खेपेला टाळ्या जरा उशिरा आल्या. पहिली टाळी उषाकाकूंची होती.

आरती झाली. रिवाजाप्रमाणे एकेक जण बुवांच्या पाया पडू लागला. श्यामभैयाही वाकले. आयुष्यात प्रथमच फोटोवाला कुठे आहे ते न बघता वाकले.

बुवांनी त्यांच्या कपाळाला बुक्का लावला, पण बोट जरासं अडखळतच. कचेरीतला, मराठीतला या घोळात त्यांना अर्धंमुर्धंच उमगलं होतं. त्यांनी तुषारला जवळ ओढून हळूच विचारलं, "म्हणजे... राजीनामा मोडला यांनी? मागे घेतला?"

"हो बुवा. पण तसा नाही, तो..."

"असू दे रे बाळा, असू दे." बुवांनी खिन्नपणे मान हलवली आणि प्रसादाचा लाडू भैयांच्या हातावर ठेवला. "खुर्चीचा मोह. भल्याभल्यांना सुटत नाही. दत्तमहाराज सद्बुद्धी देवोत!"

भैयांनी काही खुलासा केला नाही. लाडू कपाळाला लावला आणि म्हणाले, "दिलीय बुवा. आजच."