मुहूर्ताची चावी

"इंजिन तुम्ही मारलंत, साहेब. आणि वर मयताला खांदा द्यायला मलाच बोलावलंत."

लक्ष्या डुमाडा हे उभ्यानेच बोलला, कारण त्याला कोणी बस म्हटलंच नव्हतं. तलासरीच्या नव्या प्रशिक्षण केंद्रातली एसीची खोली. काचेच्या टेबलापलीकडे साहेब, त्यांच्या बाजूला केंद्राचे व्यवस्थापक रविंद्र सर. अलीकडे लक्ष्या आणि डहाणूची सोनल सावे. सोनलच्या हातात फडक्यात गुंडाळलेला एक लोखंडी दांडा होता. साहेब कुठल्या खात्याचे, केवढे मोठे, ते इथे लिहीत नाही. वाचणाऱ्याने आपल्या तालुक्यातला त्या खुर्चीत बसवून बघावा. बरोब्बर बसेल.

"आवाज खाली," रविंद्र सर म्हणाले.

"त्या दिवशीपण हेच म्हणालात तुम्ही. तेवढ्यानंच मेलं ते."

त्या दिवसाची गोष्ट अशी.

गाडी सोनलच्या वडिलांची, अमृतकाकांची. जुनी बीटल, पाठ फुगलेली, रंग उडालेला. सगळं डहाणू तिला कासव म्हणायचं. काकांनी ती तरुणपणी घोलवडच्या एका इराण्याकडून घेतली आणि त्यांच्या वाडीतला चिकू वर्षानुवर्षं त्याच कासवातून बाजारात गेला. या गाडीचं इंजिन मागे. पुढचं झाकण कोणा नवख्याने उघडलं की आत चिकूच्या पाट्या दिसायच्या आणि तो बोंबलायचा, "काका, तुमचं इंजिन चोरलं कोणीतरी!" दुसरी गंमत म्हणजे तिला रेडिएटरच नाही. पाण्याचा थेंब नाही. मागचा पंखा वारा घालतो, त्या वाऱ्यावरच इंजिन थंड राहतं.

लक्ष्या उधव्याचा. हायवेला त्याचं गॅरेज. ट्रकचा टर्बो बिघडला की ड्रायव्हर लोक गुजरात सोडून त्याच्याकडे यायचे. स्वभावाने तिखट आणि स्वतःच्या कामाचा त्याला भारी गर्व. "माझ्या हातचं इंजिन अंधारात ऐकून ओळखा," असं तो म्हणायचा, आणि ते खोटं नव्हतं.

उधवा काय, सायवन काय, तिकडची पोरंपोरी तोंड धुवायच्या आत जीपमध्ये कोंबून घेतात आणि सीमेपलीकडच्या कारखान्यात पॅकिंगला जातात. त्यांच्यासाठी म्हणून हे केंद्र बांधलं. भिंतीभर तारपा वाजवणारा रंगवला. नाचणारी माणसं रंगवली. आत इंजिनाच्या विभागाची पाटी होती आणि पाटीखाली कुलूप. लक्ष्या गेला भांडायला. तेव्हा याच साहेबांनी भर सभेत सांगितलं, "बोलतोस फार. एखादं इंजिन बांधून दाखव, बाहेरच्यांनी बघायला यावं असं. ते चाललं की वर्ग तुझा."

शब्द साहेबांचा, ऐकणारे दोनशे. लक्ष्या त्याच दुपारी अमृतकाकांच्या वाडीत.

"काका, कासव द्या."

"कशाला रे?"

"ससा करतो."

अमृतकाका पोट धरून हसले आणि चावी दिली. सोनल मात्र हसली नाही. ती चिंचणीत डायमेकरांच्या हाताखाली शिकलेली. दागिन्यांचे साचे कोरायचे, एवढ्याशा पोलादात अख्खी वेल उठवायची, हा तिचा धंदा. ती म्हणाली, "इंजिनाच्या हेडचं काम मी करणार. नुसती गाडी नाही मिळायची, लक्ष्याभाई. गाडीबरोबर मी येणार."

"या की, सोनलबेन. पण नखं काळी होतील."

"तुझी गोरी आहेत का?"

दोन पावसाळे त्यांनी त्या इंजिनात घातले. सोन्याच्या फुलाची पाकळी कोरणारी बाई ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये हवेची वाट कोरायला लागली, आतून बोट फिरवलं तर कुठे अडू नये अशी. लक्ष्याने अपघातात चेपलेल्या एका डिझेल गाडीचा टर्बो आणला. बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारा हा पंखा इंजिनात जास्तीची हवा दाबून भरतो. जास्त हवा, जास्त पेट्रोल, दुप्पट ताकद. आणि दुप्पट आग. म्हणून पिस्टन मोठे पण दाब कमी ठेवलेला, तेल थंड करायला वेगळी जाळी, आणि सिलेंडरभोवतीचे पत्रे असे घट्ट की तापलेला वारा परत आत शिरू नये.

अमृतकाका खाटेवरून बघायचे. "पाणी नाय, वर टर्बोची आग. हे इंजिन की चुलीवर चूल?"

"म्हणून तर, काका. पाण्याच्या इंजिनात माणूस चूक करतो आणि पाण्यावर ढकलतो. इथे ढकलायला कोणी नाय. हे ज्याला जमलं त्याला जगातलं कुठलंपण इंजिन जमेल. वर्गात हेच शिकवणार मी."

उधव्याची कमळी सुट्टीच्या दिवशी येऊन बसायची. ती कारखान्यात डब्यांना लेबलं लावायची आणि वर्गासाठी सगळ्यात आधी नाव तिने दिलं होतं. तिलाच लक्ष्याने कॅम समजावला. कॅम म्हणजे इंजिनाच्या पोटातला दांडा. त्याच्यावर अंड्यासारखे उंचवटे. दांडा फिरला की उंचवटे टॅपेटला ढकलतात आणि झडपा उघडतात. नवा कॅम आणि नवे टॅपेट एकमेकांना घासून बसावे लागतात. इंजिन पहिल्यांदा पेटलं की ताबडतोब वेग वाढवायचा आणि वीस मिनिटं खाली आणायचा नाही, बंद तर मुळीच नाही. मंद चालीत तेल त्या उंचवट्यांवर उडत नाही. कोरडं लोखंड लोखंडाला खातं.

कमळी म्हणाली, "भाताचं आवण लावल्यावर खाचराचं पाणी तोडायचं नाय, तसं?"

"तसंच. रोप धरेपर्यंत."

"आणि तोडलं तर?"

"तर पुन्हा सगळं उपटा."

हे एका पोरीला एका वाक्यात कळलं. पुढे काय झालं ते बघा.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी लक्ष्या रविंद्र सरांना म्हणाला, "आज पेटवून कॅम बसवून घेतो. उद्या साहेबांनी हवं तेवढं खेळावं."

सरांनी कानाला हात लावला. "अजिबात नाही! मुहूर्त साहेबांच्या हस्ते. आधी चालू केलेलं इंजिन साहेबांपुढे ठेवायचं म्हणजे उष्टा नैवेद्य."

"देव उपाशी राहिला तर चालेल, सर, पण इंजिन..."

"लक्ष्मण, वर्ग हवा ना तुला?"

हवा होता. म्हणून ठरलं असं: साहेबांनी खिडकीतून हात घालून चावी फिरवायची आणि बाजूला व्हायचं. वेग लक्ष्या मागून धरणार. वीस मिनिटं कोणी मध्ये पडायचं नाही, भाषणं त्यानंतर. सरांनी मान डोलावली. मान डोलावायला काय लागतं?

दुसऱ्या दिवशी मांडव, खुर्च्या, बॅनरवर साहेबांचं तोंड. कासव नव्या पिवळ्या रंगात पुढे उभं. साहेब आले ते उशिरा आणि घाईत. नारळ फुटला, कुंकू लागलं, आणि कोणा हौशाने झेंडूचा हार थेट मागच्या पंख्यावर टाकला. सोनलने तो ओढून काढला नसता तर पहिला घास झेंडूचाच होता. "ताई, अपशकुन!" तो हौशा ओरडला. सोनलने हार त्याच्याच गळ्यात घातला.

आणि साहेब दार उघडून गाडीत बसले.

"साहेब, बाहेरून..." लक्ष्या मागून म्हणाला. कोण ऐकतो? फोटोत आत बसलेलं चांगलं दिसतं. चावी फिरली आणि इंजिन पहिल्या हाकेला उठलं. आवाज असा की खुर्च्यांवरची माणसं आपोआप उभी राहिली. अमृतकाकांचे डोळे भरले. लक्ष्याने कार्ब्युरेटरचा खटका हाताने दाबून वेग वर नेला, टर्बो बारीक शीळ घालायला लागला.

तेवढ्यात साहेबांच्या माणसाने त्याचं मनगट धरलं. "आवाज कमी कर. साहेब बाइट देतायत."

"वीस मिनिटं हात काढता येत नाय!"

"अरे, टीव्हीवाले आहेत!"

रविंद्र सर धावत आले. "लक्ष्मण, आवाज खाली. दोनच मिनिटं."

हात ओढला गेला. इंजिन मंद झालं, पोटात घरघर करत राहिलं, आणि साहेब त्या घरघरीवर बसून बोलत राहिले: युवक, कौशल्य, आदिवासी बांधव. लक्ष्या परत झेपावला तर एका हवालदाराने त्याला दंडाला धरून मागे खेचलं. ज्याचं इंजिन त्याला हवालदाराने धरलं! साहेबांचं बोलणं संपलं आणि त्यांनी चावी बंद केली. मग उशिरा पोचलेल्या दुसऱ्या कॅमेऱ्यासाठी पुन्हा चालू केली. पुन्हा मंद. पुन्हा बंद. कोरडं लोखंड लोखंडाला खात होतं आणि मांडवात टाळ्या पडत होत्या.

तिसरा फोटोवाला पुढे आला तेव्हा, इंजिन पुन्हा पेटून आणखी घासू नये म्हणून, सोनलने मागून हात घालून ठिणगी देणाऱ्या कॉइलची वायर उपटली. साहेबांनी चावी फिरवली. खर्र खर्र, बास. माइकवर कोणीतरी हसलं, "बंद पडलं वाटतं!"

सगळे हसले. साहेबसुद्धा. मग जेवणं झाली.

मांडव रिकामा झाल्यावर उष्ट्या पत्रावळींच्या बाजूलाच त्यांनी परातीत तेल सोडलं. काळं नव्हतं ते, चकाकत होतं. लक्ष्याने त्यात चुंबक बुडवला आणि वर काढला तर त्याला लोखंडाची मिशी फुटलेली. सोनलने ती मिशी बोटांत चोळली. हेडमध्ये जिने केसाएवढी चूक राहू दिली नव्हती, तिच्यापुढे परातभर भुकटी होती. इंजिन उघडलं तेव्हा उंचवटे पार सपाट. टर्बोच्या बेअरिंगमध्येही तीच भुकटी शिरलेली.

आठवड्याने केंद्राने जाहीर केलं: सर्वांसमोर इंजिन बंद पडल्यामुळे जोडणीत दोष असल्याचं सिद्ध झालं आहे, सबब इंजिनाचा वर्ग बाहेरच्या संस्थेकडे देण्यात येईल. चोर तो चोर, वर शिरजोर.

म्हणून आज ही खोली, आणि हा दांडा.

सोनलने फडकं सोडलं आणि कॅम काचेवर ठेवला. मुद्दाम आपटला नाही, तरी काच वाजली.

साहेबांनी तो बोटाने थोडा लोटला. "दुसरा टाका ना, ताई. मिळत असेल कुठेतरी भंगारात."

"दुसरा टाकीन," लक्ष्या म्हणाला. "घरदार विकून टाकीन. पण हा कसा गेला ते इथे लिहून पाहिजे. आणि वर्ग पाहिजे. शब्द दिला होता तुम्ही."

"तू जरा शांत हो..."

"तिला ताई म्हणता, मला तू का?"

रविंद्र सरांनी खिडकीबाहेर बघितलं. साहेब मात्र मुरलेले. ते पुढे वाकले, आवाज गोड झाला. "हे बघ, लक्ष्मण. ताणून काय मिळणार? एक ओळ दे, जोडणीत चूक राहिली म्हणून. फाइल बंद. पुढच्या महिन्यात वर्ग चालू करतो. तुझाच."



आता खरं बोलायचं तर लक्ष्याचं मन हललं. बाहेर व्हरांड्यात कारखान्यातून रजा टाकून आलेली पोरंपोरी उभी होती. एका ओळीत त्यांची जीपमधून सुटका होणार होती. एक ओळ म्हणजे काय मोठं? त्याचं नाव जाईल, ट्रकवाले हसतील, हसू देत. त्याने सोनलकडे पाहिलं. ती कॅमकडे बघत होती. "तू ठरव," ती म्हणाली. "पण माझ्या हेडची शपथ घेऊन मी खोटं बोलणार नाही."

दार ढकलून कमळी आत आली. शिपाई मागून तिला ओढत होता. "लक्ष्यादादा, काय म्हणतात?"

"म्हणतात, चूक माझी होती असं लिही. मग वर्ग तुमचा."

कमळीने टेबलावरचा कॅम उचलला. अंगठा त्या सपाट झालेल्या उंचवट्यावरून फिरवला, दोनदा फिरवला.

"मग पहिल्या दिवशी वर्गात आमी विचारू, हा कशानं गेला," ती म्हणाली. "तवा काय सांगशील? पाणी कोणी तोडलं?"

लक्ष्याने तिच्या हातातून कॅम घेतला आणि साहेबांच्या समोर, अगदी त्यांच्या चहाच्या कपाला लावून ठेवला.

"ओळ मी नाय लिहिणार," तो म्हणाला. "वर्ग द्या नाहीतर नका देऊ. पण ही पोरगी विचारते आहे, आणि बाहेर उभे आहेत ते सगळे विचारणार आहेत. मी किती वेळ सांगितलं होतं, ते या सरांना ठाऊक आहे. माझा हात कोणी ओढला, ते तुमच्या टीव्हीत आहे. तुम्ही एवढंच सांगा..."

साहेबांनी मोबाइल उचलला.

"ठेवा तो खाली. माझ्याकडे बघा. चावी कोणाच्या हातात होती, साहेब? दोन वेळा बंद कोणी केली? बोला. आम्ही कोणी इथून हलत नाय. उत्तर द्या."