किरकोळ, दोन टक्के

निवृत्तीला चार महिने होतात न होतात तोच सर्व्हेअरसाहेबांनी लिलावात जाऊन एक ठोकलेली स्पोर्ट्‌स कार घेतली. एकतीस वर्षं विमा कंपनीसाठी त्यांनी एकच काम केलं होतं. ठोकलेल्या गाडीभोवती एक फेरी मारायची, दुसरी मारायची, आणि तिसरी पुरी व्हायच्या आत दुरुस्तीचा आकडा सांगायचा. असा माणूस गाडी घेताना फसणार नाही असं सगळ्यांना वाटलं. सगळ्यांत जास्त त्यांना स्वतःला वाटलं, आणि घोटाळा तिथूनच सुरू झाला.

गाडी लाल होती, निदान मागून. पुढून ती खांबावर आदळली होती आणि तिकडे रंग सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. दोन दारांची, इतकी बसकी की आत शिरायचं तर आधी डोकं, मग कंबर, मग उरलेला माणूस अशा हप्त्यांनी शिरावं लागे. तशीच धडधाकट गाडी जुन्या बाजारात पंधरा लाखांना जात होती. ही चारला पडली. साहेबांनी तिथेच, बॉनेटचा जो कोपरा सपाट राहिला होता त्यावर कागद ठेवून हिशेब मांडला. बॉनेट, बंपर, दिवे, रेडिएटर, एक चाक, एअरबॅगा, रंग, मजुरी मिळून पाच लाख. आणि खाली हाताच्या सवयीने शेवटची ओळ लिहिली, ‘किरकोळ, दोन टक्के’. म्हणजे दहा हजार. एकूण नऊ लाख दहा हजार. पंधराला विकली की जवळजवळ सहा लाख सुटले.

हे ‘किरकोळ’ म्हणजे साहेबांचं खास हत्यार. क्लिपा, नट, रबरी पट्ट्या, वायसर असल्या बारीकसारीक गोष्टी ते कधी मोजत नसत. गॅरेजवाल्याने कितीही लांब यादी दिली तरी तिच्यावर लाल पेनाने एक तिरकी रेघ जाई आणि शेजारी दोन टक्के लिहिलं जाई. क्लिपा काय सोन्याच्या आहेत का, असं ते वर विचारत. एकतीस वर्षांत या प्रश्नाचं उत्तर द्यायची हिंमत कुणी केली नव्हती.

पैशांची जुळणी अशी होती. साडेतीन लाख त्यांचे स्वतःचे, आणि सहा लाख स्वयंपाकघराचे. स्वयंपाकघर नवं करायचं म्हणून नवराबायकोने सहा वर्षं ते बाजूला टाकले होते. सिंकखालच्या नळीला बादली लावलेली, एका कपाटाचं दार उघडलं की हातातच येई, आणि ओट्यापाशी दोघं उभे राहिले तर एकाला श्वास आत ओढून धरावा लागे. बायको शाळेच्या ऑफिसात फीचं काम बघायची. आकड्यांपुढे दबून जाणारी नव्हती. तिने नवऱ्याचा कागद दोनदा वाचला, पण चूक काही सापडेना.

“घ्या सहा,” ती म्हणाली. “पण सहा दिलेत, सहाच परत हवेत. वरचा फायदा तुमचा तुम्हाला लखलाभ.”

गाडी सरळ करण्यात पंचक्रोशीत ज्याचा हात धरणारा कुणी नव्हता, तो मिस्त्री म्हणजे नेमका तोच, ज्याची बिलं साहेबांनी वीस वर्षं कापली होती. मिस्त्रीने त्यांना खुर्ची पुसून दिली. कागद हातात घेतला, शेवटच्या ओळीवर जरा जास्तच रेंगाळला, मग घडी करून वरच्या खिशात ठेवला आणि म्हणाला, अगदी बरोबर आहे साहेब, तुमचा आकडा कधी चुकलाय. इतक्या गोड आवाजात बोलणारा मिस्त्री साहेबांनी पूर्वी पाहिला नव्हता. खरं तर त्यांनी तिथूनच गाडी उलटी फिरवायला हवी होती. पण ती चालत नव्हती.

मग फोन यायला लागले. सुरुवात नेहमी तीच, “साहेब, एक बारीकशी गोष्ट होती.”

पहिली बारीकशी गोष्ट बोल्टांची. या गाडीचे बोल्ट एकदा सोडले की पुन्हा लावता येत नाहीत, फेकूनच द्यायचे, असं कंपनीचं पुस्तकच सांगत होतं. चाकाकडचे चौतीस निघाले. दुसरी गोष्ट दिव्यामागची क्लिप, बोटाच्या पेराएवढी. ती सुटी मिळत नसे. पाकिटात बारा, आणि पाकिटाच्या किमतीत साहेबांच्या जुन्या स्कूटरचं अख्खं इंजिन उघडून बांधून झालं असतं. मग पट्टे. एअरबॅग फुटली की सीटचे पट्टेही बदलावे लागतात, ते चांगले दिसत असले तरी. मग नवा दिवा गाडीच्या कंप्युटरला ओळख देईना. ओळख करून देणारा माणूस लॅपटॉप घेऊन आला, अर्धा तास बसला, तीन बटणं दाबली आणि एवढी फी घेऊन गेला की साहेबांना आपण उगाच गाड्यांभोवती फेऱ्या मारल्या असं वाटलं. पुढे रेडिएटरची ओळख, बंपरमधल्या सेन्सरची ओळख. गाडी भलतीच माणूसघाणी होती.

दर फोननंतर साहेब घरात येरझाऱ्या घालत. बायको भाजी चिरता चिरता विचारी, “आज काय?” ते म्हणत, “काही नाही, किरकोळ.” पुढेपुढे तिने विचारणं सोडलं आणि सिंकखालची बादली बदलून मोठी ठेवली. साहेबांना ते बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

पाच महिन्यांनी गाडी उभी राहिली. पुढून मागून एकच लाल, नाकीडोळी देखणी. बिल मात्र अकरा पानी. मोठ्या सामानाचे आणि मजुरीचे पाच लाख वीस हजार, म्हणजे साहेबांचा अंदाज इथेही फारसा चुकला नव्हता. आणि किरकोळ, तीन लाख पंचाहत्तर हजार. गाडीच्या किमतीसकट सगळे मिळून तेरा लाखांना पाच हजार कमी.

साहेबांचा हात आपोआप खिशाकडे गेला. लाल पेन निघालं, टोपणही निघालं. मिस्त्री शांतपणे छताकडे बघत राहिला.

“कापा की साहेब,” तो म्हणाला. “तुमचंच पेन आहे, गाडीही तुमचीच.”

साहेबांनी अकराही पानं चाळली. एकही क्लिप खोटी नव्हती. त्यांनी टोपण परत लावलं आणि विचारलं, “मग इतकी वर्षं मी जे कापत होतो, ते कोण भरायचं?”

“कधी आम्ही,” मिस्त्री म्हणाला, “कधी गाडी.”

साहेबांनी बिल पुरं भरलं. स्वतःचे साडेतीन आणि स्वयंपाकघराचे सहा संपून वर तीन लाख पंचेचाळीस हजार लागत होते. ते मेहुण्याकडून आणावे लागले. मेहुण्याचं चपलांचं दुकान होतं. त्याने पैसे मोजून दिले आणि वर म्हणाला, भावोजी, माझ्याकडे जोडा फाटला तर लोक नवा घेतात, पण तुमच्यात रीत वेगळी असेल. साहेबांनी हेही व्याजात धरलं.

आता विक्री. पंधरा लाख ही न ठोकलेल्या गाडीची किंमत, आणि हिच्या कागदांवर तर अपघाताचा शिक्का. ही गोष्ट साहेबांनी आयुष्यभर दुसऱ्यांना समजावून सांगितली होती. पहिल्या गिऱ्हाइकाने शिक्का बघून हेल्मेटही काढलं नाही. दुसऱ्याने आठ सांगितले आणि आपणच जास्त बोललो असा चेहरा केला. साहेबांचे साडेतीन बुडाल्यातच जमा होते, तेवढे सोडून द्यायला ते तयार होते. पण मेहुण्याचे फेडून स्वयंपाकघराचे सहा पुरे परत यायचे तर नऊ लाख पंचेचाळीस हजारांच्या खाली उतरून चालणार नव्हतं.

तिसरे आले ते दातांचे डॉक्टर. बारीक, नीटनेटके. त्यांनी गाडीच्या फटींमधून बोट फिरवलं, पत्र्यावर टकटक करून आवाज ऐकला, हप्त्याहप्त्याने आत बसले आणि बाहेर आले ते हसतच. पुढच्या खोलीत बसून त्यांनी साडेनऊ लाख सांगितले. साहेबांनी मनातल्या मनात हिशेब केला. मेहुणा फिटला, सहा परत आले, वर पाच हजार उरले. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला होता, म्हणजे तिथेही हिशेब चालला होता.

डॉक्टरांनी पाकीट काढलं आणि काढता काढता सहज विचारलं, “गाडी सरळ आहे ना?”

हो म्हटलं की संपलं होतं. पण सांगाडा जिथे मोजतात तिथे पुढची डावी बाजू चार मिलिमीटर आत राहिली होती. पाचपर्यंत कंपनीला चालतं, मिस्त्रीने तो कागदही दिला होता. चालवणाऱ्याला जन्मात कळलं नसतं. साहेबांचं तोंड ‘हो’ म्हणायला उघडलंही होतं. एकतीस वर्षं हा प्रश्न त्यांनीच लोकांना विचारला होता, आणि ‘हो, सरळ आहे’ असं चटकन म्हणणाऱ्या प्रत्येकाच्या नावापुढे त्यांनी बारीक फुली मारली होती.

“पुढे डावीकडे चार मिलिमीटर आत आहे,” ते म्हणाले. “पाचपर्यंत चालतं. कागद आहे, दाखवतो.”

डॉक्टरांनी कागद नीट वाचला.

“आमच्यात चार मिलिमीटर म्हणजे शेजारचा दात,” ते म्हणाले. “पण तुम्ही सांगितलंत, म्हणून घेतो. नऊ.”

नऊ म्हणजे स्वयंपाकघरातून पंचेचाळीस हजार गेले. साहेबांनी दाराकडे पाहिलं. बायको हात पुसत दारात येऊन उभी होती, आणि तिच्या चेहऱ्यावरून काही वाचता येईना.

“अहो, बघत काय बसलात, द्या ना,” ती म्हणाली. डॉक्टरांना चहा विचारून ती आत वळली, आणि साहेब मागोमाग गेले तेव्हा हळू आवाजात म्हणाली, “हो म्हणाला असतात, तर त्या नव्या ओट्यापाशी उभं राहून रोज तुमचं तोंड बघायचं कुणी?”

डॉक्टर लाल गाडी घेऊन गेले. त्याच संध्याकाळी मेहुण्याचे पैसे पोचते झाले. त्याने मोजून घेतले आणि साहेबांच्या मापाची एक चप्पल नुसतीच काढून दाखवली. ठोकलेली गाडी घेऊन पैसे वाचतात का, असं शेजाऱ्यांपैकी कुणी विचारलं की साहेब आता आकडा सांगत नाहीत. गाडी घ्यायच्या आधी मिस्त्रीला गाठा आणि त्याला चहा पाजा, एवढंच सांगतात.

पुढच्या आठवड्यात सुतार माप घ्यायला आला. बायकोने त्याला सगळं दाखवलं. ओटा इथे, सिंक तिथे, खाली सगळे खण. खिडकीवरची कपाटांची रांग मात्र नको, ती राहिली. सुतार म्हणाला, बाई, जागा आयती आहे, भिंत मोकळी सोडणार? बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा नळीकडे बघत होता.

“ती रांग चार मिलिमीटरमध्ये गेली,” ती म्हणाली, आणि तिला इतकं हसू आलं की साहेबांनाही आलं.

सुताराला काही कळलं नाही. त्याने पेन्सिल कानामागे खोचली, पिशवीतून लेव्हल काढली आणि भिंत पुन्हा एकदा, यावेळी दोन्ही बाजूंनी, तपासून घेतली.