अलोंझोची पॅकार्ड

“हात काढ, हात काढ! बोटं उमटतील,” रॉस्को ओरडला, आणि अलोंझोने बॉनेटवर टेकवलेला पंजा चटका बसल्यासारखा उचलून पॅंटला पुसला.

गाडी होतीच तशी. काळी, लांबलचक, वीसेक वर्षं जुनी पॅकार्ड. पण राखली अशी होती, की तिच्या दाराच्या पत्र्यात तोंड बघून भांग पाडावा. चर्च सुटल्यावर दोघे जेवायला म्हणून हेस्टिंग्ज स्ट्रीटकडे निघाले होते. मधल्या गल्लीत ही दिसली आणि अलोंझोचे पाय जागेवरच थबकले. रॉस्कोच्या गळ्यात नवा कॅमेरा होता. महिनाभर तो दिसेल त्याचा फोटो काढत सुटला होता, कुत्र्यामांजरांचेसुद्धा.

“फोटोला ही जुनी कशाला घेतोस? कोपऱ्यावर या वर्षीची कॅडिलॅक उभी आहे, कोरी करकरीत. तिच्याजवळ उभा राहा, साहेब दिसशील.”

“नाही. हीच.”

“का? हिच्यात काय सोनं लागलंय?”

“आमच्या ब्लेडसो मालकांकडे अशीच होती. दर शनिवारी मी धुवायचो. आईनं त्यांच्याकडे जन्मभर चूल फुंकली, पण त्या गाडीत एकदा पाय ठेवला नाही. ठेवू कोण देणार? फोटो बघून म्हातारी खूश होईल.”

रॉस्कोने कॅमेरा पोटाशी धरला आणि मान खाली घातली. अलोंझोने छाती काढली. खटका दाबला गेला आणि त्याच वेळी गाडीमागच्या इमारतीचं दार उघडून काळ्या कोटातले एक गृहस्थ पायरीवर आले. दारावरची पाटी तेव्हा कुठे दोघांनी वाचली. पेटिफर्ड आणि मुलगे, अंत्यविधीची सर्व व्यवस्था.

“काय रे तरुणांनो,” पेटिफर्ड शांतपणे म्हणाले, “माझ्या गाडीची एवढी घाई कशाला? पाळी सगळ्यांची येते.”

दोघे कोपऱ्यापर्यंत धावत सुटले आणि भिंतीला टेकून पोट धरधरून हसले.

डेट्रॉइटमध्ये मिसिसिपीकडची माणसं ढिगाने होती, आणि त्या सगळ्यांचा एक अलिखित नियम होता: गावी जायचं ते ऑगस्टात, आणि जायचं ते गाडीतून. गाडी स्वतःची असो, मेव्हण्याची असो, चौघांनी मिळून भाड्याने घेतलेली असो, गावात शिरताना मात्र आपल्या हातात चाक पाहिजे. बसने गेलेला माणूस म्हणजे शेपूट घालून परत आलेला माणूस. तोंडावर कोणी बोलत नसे. पण चर्चच्या पायरीवर बायका एकमेकींना कोपर मारत. अलोंझो आठ वर्षं गाड्यांच्या कारखान्यात भट्टीवर लोखंड ओतत होता. दर ऑगस्टला तो म्हणायचा, पुढच्या वर्षी. घरी पैशांचं पाकीट जात होतं, तोंड जात नव्हतं.

तो फोटो त्याने आईला पाठवला. मागे लिहिलं, ‘आई, बघ.’ एवढंच. खोटं असं तो एक अक्षर बोलला नव्हता, आणि पुढे कितीतरी दिवस तो स्वतःला हेच बजावत राहिला.

जुलैच्या शेवटी खालच्या औषधाच्या दुकानातून हाक आली. फोन होता. गावातल्या किराणा दुकानातून थोरली बहीण व्हर्नेल बोलत होती, आणि ती पहिल्या शब्दापासून रडकुंडीला आलेली होती.

“अलोंझो, आईचा पाय बरा दिसत नाही. साखरेनं अंगठ्याला जखम झाली होती ना, ती काळी पडलीय. डॉक्टर म्हणतो मेम्फिसच्या दवाखान्यात न्या, आत्ताच्या आत्ता न्या, अंगठ्यावर भागेल, नाहीतर पाय कापावा लागेल.”

“मग नेत का नाही? होसिया काकांचा ट्रक आहे ना?”

“आहे ना! तो बिचारा रोज दारात आणून उभा करतो. ही बया बसेल तर शपथ. म्हणते, माझ्या लेकाची पॅकार्ड असताना मी कापसाच्या ट्रकात मागे बसून जाऊ? साऱ्या गावाला फोटो दाखवत फिरलीय. ब्लेडसो बाईंना स्वयंपाकघरात नेऊन दाखवला. तू ये बाबा. गाडी घेऊन ये, एकदाची घाल तिला गाडीत आणि ने.”

“व्हर्नेल, ती गाडी...”

“काय? मोठ्यानं बोल, ऐकू येत नाही.”

फोनसाठी मागे तिघेचौघे खोळंबले होते. त्यातला एक अलोंझोबरोबर भट्टीवर होता, त्याच्याच जिल्ह्यातला.

“येतो,” अलोंझो म्हणाला.

“गाडी घेऊन?”

“येतो म्हणालो ना!”

दुसऱ्या दिवशी कामाचे कपडे न बदलताच तो पेटिफर्डच्या दारात उभा राहिला. टोपी हातात घेऊन त्याने सगळं सांगितलं, अगदी फोटोच्या मागच्या दोन शब्दांसकट. पेटिफर्ड हसले नाहीत.

“माझ्या गाडीतून मी तुझ्या आईला न्यायला तयार आहे,” ते म्हणाले. “फुकट नेईन. पण मी ज्या गावाला नेतो तिथे जायची तिला इतक्यात इच्छा नसेल. वेड्या, गाडी काय मागत बसलास? फोन कर. गाडी माझी नाही, ट्रकात बस, एवढं एक वाक्य बोल. त्याला पेट्रोलही लागत नाही.”

“हो साहेब. करतो.”

तो दुकानाशी आला. फोन मोकळा होता. मागे कोणी उभं नव्हतं. अलोंझो काचेतून आत बघत राहिला आणि मग त्याने असं ठरवलं, की असल्या गोष्टी समोरासमोर सांगाव्यात, तारेवरून नव्हे. माणसाला भित्रेपणा करायचा असला की सभ्यतेची आठवण बरोबर होते. मग रॉस्कोच्या चुलतभावाकडे भाड्याची गाडी बघायला एक दिवस गेला. ती आधीच कोणीतरी गावी नेली होती. दुसरा एक जण देतो देतो म्हणत दोन दिवस झुलवत राहिला आणि शेवटी म्हणाला, बायको नको म्हणते. आठवडा असा गेला. मग मात्र त्याने पोहोचायचा दिवस तेवढा तारेने कळवला आणि मुकाट्याने बस धरली. मेम्फिसच्या पुढे काळ्यांसाठी ठेवलेल्या मागच्या बाकांवर बसून गुडघ्यावर पिशवी घेतली आणि आईला सांगायचं वाक्य घोकत राहिला.

तिठ्यावर उतरून तो चालत निघाला. दोन्ही बाजूंना कापूस गुडघ्यापर्यंत आला होता. घर दिसलं. अंगणात माणसं होती. चर्चमधल्या बायका, शेजारीपाजारी, धुतलेल्या कपड्यांत, जणू लग्नाला जमलेले. सगळ्यांची तोंडं रस्त्याकडे. पण ती बघत होती त्याच्या डोक्यावरून, पार मागे, गाडीची धूळ उठते का म्हणून.

“अगं बाई, हा तर चालत आला!” चर्चमधल्या सिस्टर ओपलने पहिला टोला हाणला. तिची जीभ अख्ख्या जिल्ह्यात प्रसिद्ध होती. “काय रे अलोंझो, गाडी काय घडी करून पिशवीत घातलीस?”

बायका खिदळल्या. म्हातारा होसिया ट्रकजवळ उभा होता, तो तेवढा हसला नाही. अलोंझोने तोंड उघडलं. घोकलेलं वाक्य जिभेवर आलं होतं. खरंच आलं होतं.

“त्याला काय खूळ लागलंय?” ओसरीवरून आवाज आला. “असल्या दगडाधोंड्यांच्या रस्त्यावर ती गाडी घालायला? मेम्फिसला चांगल्या छपराखाली ठेवून आलाय. मीच तसं कळवलं होतं. आणि ओपल, तुला चक्कर मारायची होती ती आता स्वर्गात मार, तिथले रस्ते गुळगुळीत आहेत म्हणतात.”

आता हशा ओपलवर झाला. ती फणकाऱ्याने निघाली, आणि बघायला काही उरलं नाही म्हटल्यावर बाकीचेही एकेक करून पांगले. जाताजाता दोघांतिघांनी अलोंझोच्या पाठीवर थाप मारली. मेम्फिसला गाडी ठेवणाऱ्या माणसाला मारावी तशी.

त्याची आई, लुएला, ओसरीवरच्या खुर्चीत बसली होती. चर्चचा निळा झगा, डोक्याला हॅट, मांडीवर हातमोजे. आठवडाभर ती रोज सकाळी असा नट्टापट्टा करून बसत होती. एक पाय स्टुलावर, चादरीत गुंडाळलेला. अलोंझो जवळ गेला आणि त्या पायाचा वास त्याच्या नाकात शिरला. भट्टीवर आठ वर्षं काढलेला माणूस तो, पण त्याला टोपी नाकाशी धरावी लागली. चादरीच्या वर, पोटरीपर्यंत, कातडी ताणून चकाकत होती.

तो तिच्या खुर्चीशी खाली बसला.

“आई, ती गाडी माझी नाही.”

“ठाऊक आहे.”

“आई, ऐक ना. ती एका मढी नेणाऱ्याची आहे. मी रस्त्यात बघितली आणि...”

“मढ्याची आहे ते नव्हतं ठाऊक,” लुएला म्हणाली, आणि तिच्या तोंडावर जरासं हसू आलं. “तुझी नाही ते फोटो हातात पडला तेव्हाच कळलं. ज्याची गाडी असते तो तिच्याजवळ असा पाहुण्यासारखा उभा राहत नाही. मी पोटातून काढलंय तुला. मला शिकवतोस?”

 अलोंझोला राग आला, आणि कुणावर काढावा ते कळेना.

“मग ट्रकात का नाही बसलीस? डॉक्टर म्हणत होता अंगठ्यावर भागलं असतं! काका रोज दारात येत होते. कशासाठी हट्ट धरलास मग?”

लुएलाने मांडीवरचे हातमोजे नीट एकावर एक ठेवले.

“मी ट्रकात बसून गेले असते, तर तू आला असतास?”

हो म्हणायला त्याने श्वास घेतला. ती त्याच्याकडे बघत होती, रागाने नव्हे, नुसतीच बघत होती, आणि तो श्वास तसाच बाहेर गेला.

“आजारी आहे म्हणून कळवलं असतं, तर पाकीट आलं असतं,” ती म्हणाली. “नेहमीपेक्षा जाड आलं असतं. म्हटलं, गाडी माग. नाही म्हणायचं धाडस याच्यात नाही. आपलं खोटं निस्तरायला तरी येईल.”

दारात भांडं वाजलं. व्हर्नेल जखम धुवायला गरम पाण्याची परात घेऊन आली होती आणि उंबऱ्यातच थांबली होती. किती वेळ, कोण जाणे. परातीतलं पाणी हिंदकळून तिच्या पायांवर सांडत होतं.

“म्हणजे तुला माहीत होतं,” ती म्हणाली. “गाडी येणार नाही, हे तुला माहीत होतं.”

लुएलाने स्टुलावरची चादर पायावर सारखी केली.

“मी रोज तुझ्या पाया पडत होते, आई. रोज. हा पाय मी धुतलाय. काळं वर चढताना मी बघितलंय, रोज थोडं थोडं. रात्र-रात्र रडलेय मी. माझ्यासाठी नाही बसावंसं वाटलं तुला त्या ट्रकात?”

लुएलाने लेकीकडे पाहिलं. तिला प्रश्नच नीट कळला नसावा, असं तिच्या तोंडावर दिसत होतं.

“तुझं काय गं,” ती म्हणाली. “तू तर इथेच आहेस.”

व्हर्नेलने परात हलकेच खाली ठेवली. एप्रन सोडून खुंटीला लावला. आतल्या खाटेवरची गादी ओढून तिने दोन्ही हातांनी कवेत घेतली आणि ती ओसरीच्या पायऱ्या उतरू लागली. होसियाने ट्रकचं मागचं फळकूट आधीच पाडून ठेवलं होतं.

अलोंझो धडपडत उठला. “दे इकडे. मी घालतो गादी.”

“तू बस,” व्हर्नेल मागे न बघता म्हणाली. “तुला एकदा बघता यावं म्हणून तिनं अख्खा पाय दिलाय. बस तिच्यासमोर, तिला नीट दिसू दे.”